‘दीपकाडी’ या नामाचा इतिहास : रत्नागिरीच्या सड्यावरील एका फुलाविषयी

१

रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्या कातळाच्या सड्यांवर पावसाळ्याच्या पूर्वार्धात एक कंदवर्गीय वनस्पती फुलते. तिची पाने अरुंद, दांडा सरळ आणि फुले पांढरी व लांब नळीची असतात. पाऊस ओसरू लागला की पाने सुकून जातात व वनस्पती कंदरूपाने कातळातील मूठभर मातीत पुढील मृगाची वाट पाहत राहते. वनस्पतिशास्त्रात तिला ‘डिपकाडी कोंकानेन्से’ असे नाव आहे. अलीकडच्या मराठी लेखनात ती ‘दीपकाडी’, क्वचित ‘दिपकाडी’, या नावाने ओळखली जाऊ लागली आहे.

हे नाव कानी पडताच मराठी वाचकास त्याचा अर्थ आपोआप लागतो. दीप म्हणजे दिवा, काडी म्हणजे काडी. हिरव्या दांड्यावर पांढरी ज्योत पेटावी तसे फूल, म्हणून दीपकाडी. अर्थ इतका चपखल बसतो की शास्त्रीय नाव हेच मुळी या कोकणी शब्दाचे लॅटिन रूप असावे, असाही समज सहज होतो. भाषेच्या अभ्यासकाने मात्र जेथे अर्थ फार सहज लागतो तेथे अधिक सावध व्हावयास हवे. प्रस्तुत लेखात या नामाचा प्रवास तपासावयाचा आहे, आणि त्यातून आपल्या प्रदेशातील वनस्पती, कीटक व भूमी यांच्या नामकरणाविषयी जो एक व्यापक प्रश्न उपस्थित होतो, त्याचाही विचार करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीपुरता मर्यादित नाही. कोणत्या वस्तूला नाव मिळते व कोणत्या वस्तूला मिळत नाही, यावर त्या वस्तूचे जतन होणे न होणे पुष्कळ अंशी अवलंबून असते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

प्रथम कालक्रम पाहू. सोळाव्या शतकात तुर्कस्तानच्या ऑटोमन राज्यातून अनेक कंदवर्गीय फुलझाडे पश्चिम युरोपात गेली. ट्यूलिप हे त्यांतील सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण होय. कॉन्स्टँटिनोपलकडून आलेल्या या कंदांबरोबर त्यांची पूर्वेकडील नावेही गेली. शार्ल द लेक्ल्यूझ, ज्यांना त्यांच्या ‘क्लुसिअस’ या लॅटिन नावाने अधिक ओळखतात (१५२६–१६०९), आणि त्यांच्या पिढीतील इतर वनस्पतिशास्त्रज्ञ यांच्या काळात ही नावे लॅटिन ग्रंथांत रुळली. कस्तुरीसारखा सुगंध असलेल्या एका लहान फुलझाडासाठी त्या काळी जी नावे चालत, त्यांत ‘मस्कारी’ व ‘डिपकादी’ ही दोन येतात. यांपैकी ‘मस्कारी’ हे नाव कस्तुरीवाचक शब्दावरून आले आहे, आणि त्या शब्दाची परंपरा लॅटिन, ग्रीक व फारसी ‘मुश्क’ अशी मागे नेत संस्कृत ‘मुष्क’ या शब्दापर्यंत पोहोचविली जाते. ‘डिपकादी’ हे नावही पूर्वेकडील, बहुधा तुर्की व्यवहारातील, असे मानतात.

पुढे ‘मस्कारी’ हे नाव त्या सुगंधी वनस्पतीकडे कायम राहिले व ‘डिपकादी’ हे नाव जणू रिकामे झाले. स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्स व उत्तर आफ्रिका या भागांत रानात उगवणारी, मळकट तपकिरी फुलांची एक कंदवर्गीय वनस्पती आहे. लिनिअसने १७५३ मध्ये तिचा समावेश हायासिंथच्या प्रजातीत करून तिला ‘सेरोटिनस’, म्हणजे उशिरा येणारा, असे विशेषण दिले. मॅनहाइम येथील उद्यानाचा प्रमुख फ्रीड्रिख कासिमिर मेडिकुस याने १७९० मध्ये ही वनस्पती हायासिंथपासून वेगळी काढली आणि तिच्यासाठी नवी प्रजाती कल्पून तिला ते जुने, मोकळे पडलेले ‘डिपकाडी’ हे नाव दिले. अशा रीतीने एका फुलाचे तुर्की नाव दुसऱ्या, युरोपीय रानफुलास चिकटले.

आता कोकणाकडे वळू. निकोल अलेक्झांडर डाल्झेल हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ मुंबई इलाख्यात जकात खात्यात अधिकारी होता व पुढे वनसंरक्षक झाला. त्याने १८५० मध्ये आपल्या या पांढऱ्या फुलाचे वर्णन ‘उरोपेटालम कोंकानेन्से’ या नावाने प्रसिद्ध केले. उरोपेटालम म्हणजे शेपटीसारखी पाकळी असलेले. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह त्याने लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये निघाला. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी क्यू येथील जॉन गिल्बर्ट बेकर याने ही जाती मेडिकुसच्या प्रजातीत समाविष्ट केली, आणि ‘डिपकाडी कोंकानेन्से’ हे आजचे नाव सिद्ध झाले.

हा क्रम ध्यानी घेतला म्हणजे पहिला निष्कर्ष निर्विवाद ठरतो. ‘डिपकाडी’ हा शब्द युरोपीय ग्रंथांत रूढ झाला तेव्हा कोकणातील या फुलाची त्या ग्रंथकारांस वार्ताही नव्हती. मेडिकुसने प्रजाती स्थापिली तेव्हाही नव्हती. तेव्हा शास्त्रीय नाव मराठीवरून आलेले नाही. मराठी नावच शास्त्रीय नावावरून आलेले आहे. या द्विपद नामात कोकणचा अंश एवढाच की त्यातील विशेषण कोकणाचे आहे. नाम तुर्की, व्याकरण लॅटिन आणि प्रदेश मराठी, अशी ही त्रिवेणी आहे.

३

कालक्रमाने जे सिद्ध होते त्यास ध्वनिविचाराचाही आधार मिळतो. इंग्रजीच्या मार्गाने मराठीत आलेल्या शब्दांतील ‘डी’ या अक्षराचा उच्चार मराठीने साधारणपणे मूर्धन्य ‘ड’ असा केला आहे : डॉक्टर, डझन, डायरी, रेडिओ, डेपो. याउलट पोर्तुगीजांच्या मार्गाने आलेल्या शब्दांत तेच अक्षर दंत्य ‘द’ होऊन येते : पाद्री, बालदी. आता ‘दीपकाडी’ हा शब्द पाहा. मूळ रोमन लेखनात ‘डी’ हे एकच अक्षर दोनदा येते. परंतु मराठीत पहिल्या ठिकाणी दंत्य व दुसऱ्या ठिकाणी मूर्धन्य वर्ण आला आहे. शब्द इंग्रजीच्या मार्गाने नियमाप्रमाणे आला असता तर ‘डिपकाडी’ झाला असता. पोर्तुगीजच्या मार्गाने आला असता तर ‘दिपकादी’ झाला असता. एकाच शब्दात दोन नियम लागू पडावेत याचे कारण ध्वनीत सापडत नाही, ते अर्थात सापडते. वाचणाऱ्याच्या मनात एका टोकास ‘दीप’ व दुसऱ्या टोकास ‘काडी’ हे परिचित शब्द उभे राहिले व त्यांनी उच्चार आपल्याकडे ओढून घेतला. ऱ्हस्व ‘दि’ दीर्घ होऊन ‘दी’ झाली तीही याच ओढीने. यालाच आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो.

घटनेच्या दृष्टीनेही हा समास विचारात घेण्याजोगा आहे. ‘दीप’ हा तत्सम शब्द आहे, तर ‘काडी’ हा घरगुती व्यवहारातला. बोलीत नव्याने शब्द घडतो तेव्हा ‘दिवा’ हे रूप पुढे येण्याचा संभव अधिक. आगकाडी, काडेपेटी हे शब्द घडले ते अशाच घरगुती घटकांतून. ‘दीपमाळ’ हा शब्द याविरुद्ध दाखविता येईल. परंतु तो देवळाच्या अंगणात वाढलेला शब्द आहे व त्यातील संस्कृत घटकास तेथे प्रयोजन आहे. गुराख्याने कातळावर पाहिलेल्या फुलास ‘दीप’ म्हणावे, याला तसे प्रयोजन दिसत नाही. शब्दाची घडण पुस्तकी आहे, ती पुस्तकाच्या मार्गाने आली आहे.

४

तर मग ‘दीपकाडी’ हे नाव टाकाऊ समजावे काय? मुळीच नाही. या जिल्ह्यात तरी परकीय नावाचे मराठीकरण ही लाज वाटावी अशी गोष्ट नाही. ज्या फळाने रत्नागिरीचे नाव जगभर नेले त्या ‘हापूस’ आंब्याचे नाव ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज विशेषनामापासून आले आहे; २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते याच नावाला. ‘पायरी’ आंब्याचे नाव ‘पेरेस’ या पोर्तुगीज आडनावाशी जोडतात. तेथेही परक्या ध्वनीस जिन्याच्या पायरीचा परिचित आकार मिळाला, हे आपल्या ‘दीपकाडी’चे नेमके सादृश्य होय. ‘काजू’ हा शब्द तर ब्राझीलमधील तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आला. अशा शब्दांचा मागोवा घेण्याचे मोठे कार्य गोमंतकीय पंडित सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो (१८५५–१९२२) यांनी केले. आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दसंग्रहाच्या प्रभावासंबंधीचा त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हापूस, पायरी व काजू हे शब्द आज पूर्णतया मराठी आहेत. ‘दीपकाडी’ही तसाच होईल, कदाचित झालाही आहे.

आक्षेप आहे तो शब्दास नव्हे, शब्दाविषयीच्या एका संभाव्य विधानास. ‘कोकणातील लोक या फुलास पूर्वापार दीपकाडी म्हणतात’ असे वाक्य एकदा छापले गेले की त्याची पुनरुक्ती होत राहते. मग पुढील संशोधक गावात जाऊन नाव विचारीत नाही. नाव तर ठाऊकच आहे! उलट गावातील मुलास शाळेत हे नाव शिकविले जाते, आणि आजीच्या तोंडी जो काही शब्द असेल तो अडाणी ठरून मागे पडतो. पुस्तकी शब्दाने बोलीतील शब्दाची जागा अशा रीतीने घेतली की ती घटना कोणाच्या ध्यानीही येत नाही.

या संदर्भात एका जुन्या ग्रंथाचे स्मरण उपयुक्त ठरेल. केरळातील डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने सिद्ध केलेला ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यात रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोकणी वैद्यांचे आणि इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे साह्य घेतलेले आहे, आणि वनस्पतींची स्थानिक नावे निरनिराळ्या लिप्यांत, नागरीतही, छापलेली आहेत. पुढे लिनिअसने त्या ग्रंथाचा पुष्कळ उपयोग केला. तेथे नावे बोलीतून शास्त्राकडे गेली. ‘दीपकाडी’च्या बाबतीत नाव शास्त्रातून बोलीकडे आले. दोन्ही प्रवाह इतिहासास मान्य आहेत. परंतु एकास दुसरा समजणे इतिहासास मान्य नाही.

५

आता ज्या व्यापक प्रश्नाचा उल्लेख आरंभी केला त्याकडे येऊ. एखाद्या वनस्पतीस बोलीत स्वतंत्र नाव का असते? कंदवर्गीय वनस्पतींची मराठी नावे पाहिली तर रानकांदा, कोळकांदा, सापकांदा अशी मालिका दिसते. तीत वर्गवाचक शब्द ‘कांदा’ हा आहे, फूल नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ फुलावरून वर्गीकरण करतो. शेतकरी, गुराखी व वैदू हे कंद खाण्याजोगा की विषारी, औषधी की निरुपयोगी, यावरून करतात. नाव उपयोगामागून येते, किंवा भयामागून.

कीटकांच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट दिसते. मधमाश्यांस मराठीने बारकाईने नावे दिली आहेत. उंच कड्यावर वा झाडावर मोठे पोळे बांधणारी व संतापाने मागे लागणारी ती आग्या. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहणारी व पेटीत पाळता येणारी ती सातेरी. झुडपाच्या फांदीस इवलेसे पोळे लावणारी ती फुलोरी. एकीपासून दंश, दुसरीपासून मध. म्हणून नावे वेगळी. ‘भृंग’ या संस्कृत शब्दापासून आपणांस ‘भुंगा’ मिळाला. ‘भ्रमर’ याचे तद्भव रूप ‘भोवरा’ हे मात्र कीटकास सोडून पाण्यातील आवर्तास व मुलांच्या खेळण्यास जाऊन चिकटले. परंतु रात्री फुलांवर येणारे जे शेकडो जातींचे कीटक आहेत, त्यांची वासलात आपण ‘पतंग’ व ‘पाखरू’ या दोन शब्दांत लावतो. त्यांतील ‘पतंग’ हा शब्द आकाशात उडविण्याच्या कागदासही वापरतो आणि ‘पाखरू’ हा पक्ष्याचा शब्द आहे. पतंग मध देत नाही व डसत नाही. म्हणून त्यास निराळे नाव नाही.

फुलांच्या दृष्टीने मात्र हा कीटक नगण्य नाही. फूल व कीटक यांच्या संबंधाचे शास्त्र उभे राहिले ते एका भाषाशिक्षकाच्या निरीक्षणातून, हे आपल्या विभागास विशेष वाटावे. बर्लिनजवळील स्पांडाउ येथील शाळेचा मुख्याध्यापक क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल याने १७८७ मध्ये युरोपातील एका साध्या रानटी जिरॅनियमच्या पाकळ्यांच्या तळाशी बारीक केस पाहिले. एवढासा केसही निष्कारण नसावा, असे धरून तो विचार करू लागला. आणि पावसाच्या पाण्याने मधुरस बिघडू नये परंतु कीटकास तो मिळावा अशी ही योजना असल्याचे त्याने अनुमानिले. मेडिकुसने डिपकाडी प्रजाती स्थापिल्यानंतर तीनच वर्षांनी, १७९३ मध्ये, श्प्रेंगेलचा ग्रंथ निघाला. समकालीनांनी त्याची उपेक्षा केली. पुढे डार्विनने त्याचे महत्त्व जगापुढे आणले. डार्विनने १८६२ मध्ये मादागास्करमधील एका ऑर्किडची जवळजवळ एक फूट लांब मधुनलिका पाहून तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग असला पाहिजे असे भाकीत केले. त्याच्या मृत्यूनंतर, १९०३ मध्ये, त्या बेटावरील तशा पतंगाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले.

पांढरा रंग व लांब अरुंद नळी ही लक्षणे एकत्र आली म्हणजे अभ्यासक सामान्यतः रात्री उडणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांकडे बोट दाखवितात. आपले सड्यावरील फूल या लक्षणांत बसते. दिवा आणि पतंग यांची जोडी आपल्या काव्यात इतकी रूढ आहे की ‘दीपकाडीवर पतंग येतो’ हे वाक्य ऐकून कोणासही नावाची यथार्थता पटल्यासारखे वाटेल. परंतु हा निव्वळ योगायोग आहे. तुर्की नावास संस्कृत दिव्याचा अर्थ मिळाला तो ध्वनिसादृश्यामुळे, फुलाच्या चालीरीतीमुळे नव्हे. सुंदर योगायोग हा पुरावा नसतो. फुलाजवळ कोण येते याचा निर्णय शब्दकोशात होत नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात, आषाढातल्या रात्री, कंदील घेऊन कातळावर बसणाऱ्या निरीक्षकानेच तो करावयाचा असतो. पावसापासून मधुरसाचे रक्षण कसे होते हा श्प्रेंगेलचा प्रश्न तर येथे जर्मनीहूनही अधिक प्रस्तुत आहे.

६

शेवटी भूमीच्या नावाविषयी. जांभ्या दगडाच्या सपाट, उघड्या पठारास या जिल्ह्यात ‘सडा’ म्हणतात. रत्नागिरी शहराजवळील सडामिऱ्या या गावनामात तो शब्द स्थिरावला आहे. उघड्या खडकास ‘कातळ’, त्यातून काढलेल्या घडीव दगडास ‘चिरा’ म्हणतात. हे शब्द भूमीचे रूप सांगतात. महसुली दप्तरात मात्र याच भूमीपैकी पुष्कळशी ‘पोटखराब’ या सदराखाली येते. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड व विंगेट यांनी मुंबई इलाख्यात जी मोजणी व आकारणीची पद्धत घातली, तिचा हेतू शेतसारा ठरविणे हा होता. जे पिकत नाही ते ‘खराब’ ठरणे त्या हेतूशी सुसंगतच होते. येथेही नाव उपयोगामागून आले. परंतु कंदास ‘कांदा’ म्हणणाऱ्या गुराख्याच्या शब्दात आणि सड्यास ‘खराब’ म्हणणाऱ्या दप्तराच्या शब्दात एक भेद आहे. पहिला शब्द वस्तूस हात लावीत नाही. दुसरा शब्द वस्तूचे भवितव्य ठरवितो. जे खराब आहे ते सुधारले पाहिजे, भरले पाहिजे, उपयोगात आणले पाहिजे, हे त्या शब्दातच गृहीत आहे.

१९९० नंतर रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीस कोकणात मोठी चालना मिळाली. कातळात सुरुंगाने खड्डे घेऊन व बाहेरून माती आणून आंब्याची कलमे लावली गेली. यातून अनेक कुटुंबांस आधार मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आंब्याचा मोहोर फळास येतो तोही माश्या, मधमाश्या व इतर कीटकांच्या साह्याने. मोहोर हिवाळ्यातला, कीटकांस मात्र वर्षभर जगावयाचे असते, आणि पावसाळ्यात सड्यावर फुलणारी सीतेची आसवे, गेंद, कवला, तेरडा ही त्यांची अन्नछत्रे होत. सडा सरसकट मोडून केवळ बाग उरली, तर बागेचे मित्रही कमी होण्याचा संभव आहे. म्हणजे ‘खराब’ हा शब्द कृषीच्या दृष्टीनेही पुरता खरा नाही.

सड्याचे मोल अन्य दिशेनेही आता कळू लागले आहे. या कातळांवरील प्राचीन खोदचित्रे गेल्या दशकात प्रकाशात आली, आणि २०२२ मध्ये कशेळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी आदी स्थळे युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. त्याच बारसूच्या सड्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू होताच ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला. प्रकल्पाच्या गुणदोषांची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. एवढेच म्हणावयाचे की एकच भूमी एका कागदावर वारसा व दुसऱ्या कागदावर पोटखराब असू शकते, आणि वादाच्या प्रसंगी कोणता शब्द आधी उच्चारला गेला याचा परिणाम होतो. साताऱ्याचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले, ते त्याच्या फुलांची कीर्ती आधीच सर्वत्र पोहोचली होती म्हणून बचावास पात्र ठरणे सोपे गेले. रत्नागिरीचे सडे उंचीने कमी, विखुरलेले व बहुतांशी खाजगी मालकीचे. त्यांच्या फुलांस तेवढी कीर्ती नाही, आणि कीर्तीचे पहिले साधन नाव हेच असते.

या विवेचनातून दोन कार्ये आपल्या विभागापुढे येतात. एक, ‘दीपकाडी’ हे नाव खुशाल वापरावे, परंतु कोशात त्याची नोंद करताना ते शास्त्रीय नामावरून लोकव्युत्पत्तीने सिद्ध झालेले अर्वाचीन नाव आहे, असे स्पष्ट लिहावे. दुसरे व अधिक निकडीचे कार्य असे की आषाढ-श्रावणात सड्यांवर जाऊन गुराखी, रानभाज्या खुडणाऱ्या स्त्रिया व मध काढणारे यांच्याकडून वनस्पती व कीटक यांची नावे गाववार टिपावीत. नाव सांगणाऱ्यास आधी आपले नाव सांगू नये. त्याने ‘कांदा’ म्हटले तर ‘कांदा’ लिहावे, ‘गवत’ म्हटले तर ‘गवत’ लिहावे. ‘याला नाव नाही’ असे उत्तर मिळाले तर तेही गाव व तारखेसह नोंदवावे, कारण नाव नसणे हाही भाषेतील एक पुरावाच आहे. शब्द सांगणारी पिढी वृद्ध होत आहे व सडा दरवर्षी थोडा उणा होत आहे. दोहोंपैकी एक गेल्यावर दुसऱ्याची नोंद अपुरीच राहणार.